गुण्या, ओळंबा आणि तलवारवाला पहारेकरी : बंधुसंघांच्या वास्तूंच्या पंधरा गमती

वसईजवळच्या सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये गुण्या काय असतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फॅब्रिकेशनवाला असो, सुतार असो की लादी बसवणारा, काटकोन चुकला की सगळा माल परत येतो. याच गुण्यावर कंपास ठेवून ज्यांनी आपलं बोधचिन्ह बनवलं, त्या फ्रीमेसन बंधुसंघातल्या मंडळींबद्दल मात्र कुजबुजच जास्त. गुप्त खोल्या, गुप्त खुणा, गुप्त शपथा! गंमत अशी की त्यांचं निम्मं गुपित त्यांच्या इमारतींनीच उघड करून ठेवलंय. फरशी, खांब, खुर्च्यांच्या जागा, छत, सगळं काही ना काही सांगत असतं. वाचता आलं पाहिजे, इतकंच. तर चला, वसई रोडवरून चर्चगेट लोकल पकडू आणि एकेक वास्तू वाचू.

१. फोर्टातला शेजारी

मुंबईचा फ्रीमेसन्स हॉल आहे फोर्टात, डी. सुखडवाला मार्गावर, स्टर्लिंग सिनेमाच्या परिसरात. इमारत १८९७ सालची. रस्त्याचं जुनं नाव रॅव्हेलिन स्ट्रीट. रॅव्हेलिन म्हणजे तटाबाहेरचा त्रिकोणी बुरूज. मुंबईच्या किल्ल्याचे तट १८६० च्या दशकात पाडले आणि तिथे रस्ते, कचेऱ्या उभ्या राहिल्या. आपल्या वसईच्या किल्ल्याचे तट अजून उभे आहेत. मुंबईचे मात्र रस्त्याच्या नावापुरते उरले होते, तेही पुढे बदललं. सिनेमाला येणाऱ्या हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर ही 'गुप्त' इमारत सव्वाशे वर्षं उभी आहे.

२. सूर्य उगवतो तिथे अध्यक्ष

लॉजचं, म्हणजे मेसनांच्या शाखेचं, दालन लांबट चौकोनी असतं आणि ते पूर्व-पश्चिम मांडलेलं असतं. पूर्वेला बसतात अध्यक्ष, म्हणजे 'वर्शिपफुल मास्टर'. पश्चिमेला सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन. हे तिघे सूर्याची तीन ठाणी सांभाळतात : उगवतीला काम सुरू करायचं, भर दुपारी जेवणाची सुट्टी द्यायची, मावळतीला मजुरी चुकती करून काम बंद करायचं. उत्तरेला यांच्या तोडीचा अधिकारी नाही, कारण उत्तर गोलार्धात सूर्य त्या बाजूने जात नाही. आता शहरातला प्लॉट काही सूर्याला विचारून मिळत नाही. मग? अध्यक्ष ज्या भिंतीला बसतील ती पूर्व! होकायंत्र काहीही म्हणो.

३. खांब उभा की आडवा?

दोन्ही वॉर्डनांच्या पुढ्यात वीतभर उंचीचा एकेक खांब ठेवलेला असतो. सभेचं काम चालू असेल तर सीनियर वॉर्डनचा खांब उभा आणि ज्युनियरचा आडवा. विश्रांतीला सुट्टी झाली की उलट. दालनात कुणी एक शब्द न बोलताही काम चालू आहे की जेवणाची वेळ झाली, हे नुसतं मेजाकडे पाहून कळतं. कारखान्याच्या भोंग्याचा हा मुका भाऊ.

४. काळी-पांढरी जमीन

बहुतेक लॉजमधली ओळखीची गोष्ट म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. अर्थ सरळ आहे : आयुष्यात सुख-दुःख, उजेड-अंधार शेजारीशेजारीच येतात. भोवती दातेरी नक्षीची किनार आणि चार कोपऱ्यांत गोंडे. फरशी बसवणं परवडत नसेल तर याच नक्षीचा गालिचा अंथरायचा. सभेत चालायचं तर दालनाच्या कडेकडेने, उजवीकडून, सूर्याच्या गतीने. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्याला ही दिशा शिकवायला नको.

५. दारातले दोघे भाऊ

दाराशी किंवा दालनाच्या आत दोन उंच खांब दिसले की ओळखा, हे याखीन आणि बोआझ. जेरुसलेमच्या शलमोन राजाच्या मंदिरापुढे या नावांचे दोन पितळी खांब होते आणि प्रत्येकाची उंची १८ हात होती, असं बायबल सांगतं. मेसन परंपरेत या खांबांच्या डोक्यावर दोन गोल बसतात : एक पृथ्वीचा, दुसरा तारामंडळाचा. छत वजन टाको न टाको, खांब हवेतच. जगभरच्या लॉजवास्तूंत असे कित्येक खांब निव्वळ अर्थ पेलायला उभे आहेत.

६. चोवीस इंची पट्टी, आठ-आठ तासांची पाळी

नव्या सभासदाला मिळणारं पहिलं हत्यार म्हणजे चोवीस इंची पट्टी. मोजायचा दगड नाही, दिवस! चोवीस इंच म्हणजे चोवीस तास. त्यांची वाटणी करायची : काही प्रार्थनेला आणि परोपकाराला, काही कामाला, काही विश्रांतीला. पुढे हत्यारं वाढत जातात. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणं, लेव्हल म्हणजे समता. अध्यक्षांच्या गळ्यात गुण्याचं पदक, सीनियर वॉर्डनच्या गळ्यात लेव्हलचं, ज्युनियरच्या गळ्यात ओळंब्याचं. खंडेनवमीला लेथ मशिनला झेंडूचा हार घालणाऱ्या सातिवलीकराला हत्यारापुढे हात जोडण्याची ही रीत परकी वाटू नये.

७. ओबडधोबड आणि घडीव

लॉजमध्ये दोन दगड हमखास असतात. एक खाणीतून काढल्यासारखा खडबडीत, दुसरा सहा बाजूंनी गुळगुळीत घडवलेला. पहिला म्हणजे नुकताच आलेला माणूस, दुसरा म्हणजे स्वतःला घडवलेला. ही कल्पना आली खऱ्याखुऱ्या मेसनांकडून, म्हणजे पाथरवटांकडून. मध्ययुगीन युरोपात कॅथीड्रल बांधणारे कारागीर आपण घडवलेल्या दगडावर आपली खूण कोरत. त्यात कलेचा अभिमान असेल, पण हिशेबही होता. खूण मोजली की मजुरी ठरायची.

८. ईशान्य कोपऱ्याचं काय प्रकरण आहे?

वास्तुशास्त्रवाल्यांनो, कान द्या. मेसन परंपरेत इमारतीचा पायाचा दगड ईशान्य कोपऱ्यात बसवतात, आणि पहिल्या दीक्षेनंतर नव्या सभासदालाही दालनाच्या ईशान्य कोपऱ्यातच उभं करतात. तो म्हणजे नव्या इमारतीचा पहिला दगड. पायाभरणीला दगडावर धान्य, मद्य आणि तेल वाहतात. मुंबईने असे सोहळे पाहिले आहेत. जे. जे. रुग्णालयाची पायाभरणी १८४३ मध्ये मेसनिक थाटात झाली. नोव्हेंबर १८७५ मध्ये युवराज प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आले, ते स्वतः इंग्लंडच्या मेसन मंडळींचे ग्रँड मास्टर, म्हणजे सर्वोच्च प्रमुख होते. त्यांनी गोदीच्या पायाचा दगड याच विधीने बसवला. त्याच गोदीला पुढे प्रिन्सेस डॉक नाव पडलं.

९. खडूने काढा, फडक्याने पुसा

सुरुवातीला यांना स्वतःच्या इमारती कुठे होत्या? २४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची शिखर संस्था, स्थापन झालं, ते 'गूज अँड ग्रिडआयर्न' नावाच्या दारूच्या गुत्त्यात! गुत्त्याच्या खोलीत जमिनीवर खडू आणि कोळशाने मंदिराची आकृती काढायची, भोवती उभं राहून विधी करायचा आणि जाताना ओल्या फडक्याने पुसून टाकायची. गुपितही राखलं जायचं आणि मालकाची जमीनही. पुढे पुसण्याचा कंटाळा आला तेव्हा तीच आकृती कापडावर आणि मग फळ्यावर रंगवली गेली. हळूहळू फळ्यावरची चिन्हं भिंती, खांब आणि छतावर चढली. म्हणजे आज दिसणारा दगडी डामडौल मुळात पुसून टाकायच्या चित्रातून वाढलेला आहे.

१०. माणेकजी, व्हाया पॅरिस

मुंबईत पहिलं लॉज निघालं १७५८ मध्ये, पण ते गोऱ्या साहेबांचं. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना सभासद व्हायचं होतं आणि मुंबईचे दरवाजे काही उघडेनात. हे तेच माणेकजी, ज्यांनी पुढे १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. गडी हटला नाही. युरोपात गेला आणि थेट पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेऊन आला! अखेर मेसन मंडळींतल्याच डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं, खास भारतीयांना प्रवेश देण्यासाठी. पौर्वात्य विद्यांचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा याच परंपरेतले. बंधुभावाचे धडे देणाऱ्यांना दार उघडायला ८५ वर्षं लागली, हेही या इमारतींच्या इतिहासात लिहिलेलं असू द्या.

११. एका मेजावर पाच ग्रंथ

भारतीय लॉजमधली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे दालनातलं ग्रंथांचं मेज. शपथ घ्यायची ती ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर. मग भगवद्गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब आणि झेंद अवेस्ता मांडीला मांडी लावून बसतात. सभेत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मनाई! व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिननी हा नियम जरूर उचलावा. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. तरी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या जुन्या सनदांवर चालणारी काही लॉजही भारतात टिकून राहिली. जेवणाची पंगत एक, आजोळं चार.

१२. जादूघर

बंद दारं, रात्रीच्या सभा, दारात उपसलेली तलवार घेतलेला 'टायलर' नावाचा पहारेकरी. आजूबाजूच्या लोकांनी काय समजायचं? उत्तर हिंदुस्थानात लोकांनी या वास्तूंना सरळ 'जादूघर' म्हणून टाकलं. रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ च्या 'किम' कादंबरीत लाहोरच्या लॉजला हेच नाव आहे. किपलिंगचा जन्म मुंबईतला, १८६५ चा, जे. जे. कला शाळेच्या आवारातला. फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलपासून ही जागा पायी जाण्याइतकी जवळ. १८८६ मध्ये लाहोरच्या 'होप अँड पर्सिव्हिअरन्स' लॉजमध्ये त्याने दीक्षा घेतली तेव्हा त्याला २१ वर्षंही पूर्ण नव्हती, त्यामुळे खास परवानगी काढावी लागली. त्याच्या दोन वर्षं आधी कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला होता. जगाने त्याला पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखलं.

१३. वसईच्या किल्ल्यातले बंधू

आता घरच्या अंगणात येऊ. वसईत बंधुसंघ ही गोष्ट मुंबईच्या आधीची आहे, फक्त तो मेसनांचा नव्हता. १४९८ मध्ये पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या आश्रयाने लिस्बनमध्ये 'मिझेरिकॉर्दिया' हा गृहस्थांचा दयासंघ निघाला. पोर्तुगीज जिथे गेले तिथे तो गेला : गोवा, कोची, चौल, दमण, दीव, मकाव आणि वसई. वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ मध्ये, चिमाजीअप्पांनी ती घेतली १७३९ मध्ये. मधल्या काळात इथल्या पोर्तुगीज वस्तीतही हा संघ होता. सभासदांचे दोन वर्ग असत, उमराव 'थोरले बंधू' आणि कारागीर 'धाकटे बंधू'. प्रमुखाला म्हणत प्रोव्हेदोर. कामं काय? आजाऱ्यांची सेवा, कैद्यांना अन्न, बेवारस प्रेतांचं दफन, अनाथ मुलींच्या लग्नाला हुंडा, परदेशात मेलेल्याची मालमत्ता त्याच्या वारसांपर्यंत पोचवणं.

यांची वास्तू मेसनांच्या अगदी उलट. एका ठिकाणी दार बंद करून अर्थ आत ठेवायचा. दुसऱ्या ठिकाणी चर्च आणि इस्पितळ गावाच्या मधोमध बांधून दार उघडं ठेवायचं. पाहायचं असेल तर मकावला जा. तिथल्या सेनाडो चौकात या संघाची पांढरीशुभ्र कमानदार इमारत दिमाखात उभी आहे. १५६९ मध्ये सुरू झालेलं त्यांचं काम आजही चालू आहे.

तारखांचा योगायोगही पाहा. पोप बारावे क्लेमेंट यांनी कॅथलिकांना फ्रीमेसन होण्याची बंदी घातली एप्रिल १७३८ मध्ये, आणि पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईवर भगवा लागला. पोर्तुगीज वसईला ही बंदी जेमतेम वर्षभरच पाळायला मिळाली. चर्चची ती भूमिका मात्र आजही कायम आहे. १९८३ मध्ये व्हॅटिकनने ती पुन्हा एकदा स्पष्ट केली.

१४. बायका कुठे आहेत?

जुन्या लॉजवास्तूंत सभासद सगळे पुरुषच. या दाराला पहिली मोठी फट पाडली फ्रान्सने. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये स्त्री-पुरुषांची एकत्र मेसन संघटना निघाली. १९०२ मध्ये अ‍ॅनी बेझंट तिच्या सभासद झाल्या आणि त्यांनी ती चळवळ भारतात आणली. बाई मुळात थिऑसॉफिस्ट, म्हणजे ब्रह्मविद्येच्या अनुयायी, आणि थिऑसॉफीचंही मुंबईशी घट्ट नातं. या चळवळीचे संस्थापक मॅडम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले आणि त्याच वर्षी इथून त्यांनी 'द थिऑसॉफिस्ट' मासिक सुरू केलं. १८८२ च्या डिसेंबरात बिऱ्हाड मद्रासच्या अड्यारला हललं. थिऑसॉफिस्टांच्या शाखांनाही लॉजच म्हणतात. ऑपेरा हाऊसजवळ फ्रेंच ब्रिजला ब्लाव्हॅट्स्की लॉज आहे, न्यू मरीन लाइन्सला थिऑसॉफी हॉल आहे. इथे तलवारवाला नसतो. इथे पुस्तकं असतात, व्याख्यानं असतात आणि कुणीही जाऊन ऐकू शकतं.

१५. खाली दुकान, वर गुपित, आणि मग गगनचुंबी

अमेरिकेतल्या छोट्या गावांनी लॉजच्या वास्तूचा व्यवहारी तोडगा काढला. तळमजल्यावर दुकानं, वरच्या मजल्यावर सभागृह. भाड्यातून इमारतीचा खर्च निघायचा आणि वर असल्यामुळे खिडकीतून कुणी डोकावायची भीती नाही. मेसनांनीच नव्हे, 'ऑड फेलोज'सारख्या इतर बंधुसंघांनीही हाच नमुना गिरवला. शहरांत मात्र हात मोकळा सुटला :

फिलाडेल्फियाचं मेसनिक टेंपल १८७३ मध्ये पुरं झालं. आत सात सभागृहं आणि प्रत्येकाची शैली वेगळी : इजिप्शियन, गॉथिक, नॉर्मन, आयोनिक, कोरिंथियन, रेनेसाँ आणि पौर्वात्य. एका तिकिटात जगप्रवास.

शिकागोत १८९२ मध्ये बर्नहॅम आणि रूट यांनी २१ मजली मेसनिक टेंपल उभारलं. वर लॉज, खाली दुकानं आणि कचेऱ्या. १९३९ मध्ये ते पाडलं.

डेट्रॉइटचं मेसनिक टेंपल १९२६ चं, हजारावर खोल्यांचं, जगातली सगळ्यात मोठी लॉजवास्तू. वास्तुविशारदाचं आडनाव? मेसन! जॉर्ज मेसन. २०१३ मध्ये कर थकल्यामुळे इमारत अडचणीत आली तेव्हा रॉक गायक जॅक व्हाइटने १,४२,००० डॉलर भरून ती सोडवली.

व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावात मेसनांनी जॉर्ज वॉशिंग्टनचं ३३३ फुटी स्मारक बांधलं. आराखडा कशावरून घेतला? इजिप्तच्या अलेक्झांड्रियातल्या प्राचीन दीपगृहावरून.

लंडनचा फ्रीमेसन्स हॉल १९२७ ते १९३३ या काळात बांधला, पहिल्या महायुद्धात पडलेल्या ३,२२५ मेसनांच्या स्मरणार्थ. उद्घाटन केलं ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी. हे महाशय १८८६ ते १८९० मुंबई लष्कराचे सरसेनापती होते आणि त्या काळात मुंबईच्या मेसन मंडळींचे प्रमुखही. या हॉलने पुढे आणखी एक नोकरी धरली. बीबीसीच्या 'स्पूक्स' मालिकेत गुप्तहेर खात्याचं मुख्यालय म्हणून दिसते ती हीच इमारत. गुप्ततेची सवय होतीच!

जाता जाता : ओळखायचं कसं?

जुन्या कॅम्प भागात, बंदराच्या शहरात किंवा परदेशात फिरताना एखादी गंभीर चेहऱ्याची इमारत दिसली तर पुढच्या खुणा तपासा. दारावर गुण्या आणि कंपास, कधी मधोमध 'जी' अक्षर. दोन सुटे खांब. खिडक्या कमी, त्याही उंचावर. कोनशिलेवर साधं साल नसून चार हजारांची भर घातलेलं भलतंच मोठं साल असेल, तर चक्रावू नका. मेसन लोक जगाच्या निर्मितीपासून वर्षं मोजतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबात १८९७ म्हणजे ५८९७.

आणि आत जायचं असेल तर २४ नोव्हेंबर लक्षात ठेवा. हा दिवस भारतातले मेसन विश्वबंधुत्व दिन म्हणून पाळतात आणि त्या निमित्ताने ठिकठिकाणची लॉज लोकांना पाहायला खुली करतात. निघण्याआधी यंदा दार उघडं आहे का, याची चौकशी करून घ्या. दालनात शिरलात की सगळ्यात मोठी खुर्ची शोधा. ती सापडली की पूर्व सापडली. पुढचं सगळं तुम्हाला आता वाचता येतं.